सवाई जयसिंह : माणसे, भांडवल आणि ज्ञान यांच्या बळावर राजधानी उभारणारा राज्यकर्ता

जयपूर : अरवलीच्या कुशीतील आमेरचा किल्ला सोडून मोकळ्या मैदानावर नवी राजधानी वसविण्याचा निर्णय सवाई जयसिंह (द्वितीय) यांनी घेतला, त्या वेळी मोगल साम्राज्य झपाट्याने खिळखिळे होत होते. व्यापाराचे जुने मार्ग असुरक्षित झाले होते आणि दिल्लीच्या आश्रयावर जगणारे सावकार, जवाहिरे व कारागीर नव्या आसऱ्याच्या शोधात होते. अशा अस्थिर काळात १८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूरची पायाभरणी झाली. परमुलखातील गुणी माणसांना आमंत्रण, व्यापाऱ्यांना सवलती आणि थेट युरोपपर्यंत धाडलेले शिष्टमंडळ ही या राज्यकर्त्याच्या कारकिर्दीची ठळक वैशिष्ट्ये होत. आजच्या परिभाषेत ज्याला आंतरराष्ट्रीय धोरण आणि मनुष्यबळ व्यवस्थापन म्हटले जाते, त्याचे एक जुने आणि बोधप्रद उदाहरण म्हणून जयसिंहांच्या जीवनाकडे पाहता येते.

कोकणच्या वेढ्यात घडलेली उमेदवारी

जयसिंहांचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ रोजी आमेरच्या कछवाह राजघराण्यात झाला. शिवाजी महाराजांशी १६६५ मध्ये पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंह हे त्यांचे खापरपणजोबा. वडील बिशनसिंह यांच्या निधनानंतर, इसवी सन १७०० च्या प्रारंभी, अवघ्या अकराव्या वर्षी त्यांच्यावर राज्याची जबाबदारी आली. औरंगजेबाच्या आज्ञेवरून त्यांना लवकरच दक्षिणेत यावे लागले. १७०१-०२ मधील खेळणा ऊर्फ विशाळगडाच्या वेढ्यात त्यांच्या तुकडीने भाग घेतला. सह्याद्रीतील पाऊस, दुर्गम घाटवाटा आणि मराठ्यांची चिवट झुंज यांचा अनुभव त्यांनी वयाच्या तेराव्या वर्षीच घेतला. सामान्य माणसाहून सव्वापट कर्तबगार, असा अर्थ असलेली ‘सवाई’ ही पदवी त्यांच्या नावाशी जोडली गेली आणि पुढे ती जयपूरच्या राजांची वंशपरंपरागत ओळख बनली.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये झालेल्या वारसायुद्धात जयसिंहांनी पराभूत पक्षाची बाजू घेतली होती. त्याची शिक्षा म्हणून नवा बादशहा बहादूरशहा याने आमेर जप्त केले. राज्य गमावलेल्या या तरुणाने १७०८ मध्ये मारवाडचे अजितसिंह आणि मेवाडचे महाराणा अमरसिंह (द्वितीय) यांच्याशी युती केली. त्या बळावर आमेर परत मिळाले. सांभर सरोवराचे मिठाचे उत्पन्न जयपूर आणि जोधपूर यांनी वाटून घेण्याची व्यवस्थाही त्याच संघर्षातून निर्माण झाली. मात्र या युतीची एक किंमत होती. मेवाडच्या राजकन्येशी झालेल्या विवाहाच्या वेळी, तिला होणारा पुत्र वयाने धाकटा असला तरी गादीचा वारस तोच होईल, अशी अट जयसिंहांनी मान्य केली. या अटीचे परिणाम त्यांच्या पश्चात साऱ्या राज्याला भोगावे लागले.

गुंतवणुकीचे शहर

आमेरच्या भोवतीचे डोंगर संरक्षणाला सोयीचे असले, तरी वाढत्या वस्तीला तेथे जागा आणि पाणी दोन्ही अपुरे पडत होते. दरम्यान जयसिंहांनी राज्याचा पसारा वाढविला होता. मोगल जहागीरदारांना आपापल्या परगण्यांतून वसूल करणे अशक्य होऊ लागले, तेव्हा जयसिंहांनी आजूबाजूचे परगणे इजाऱ्याने घेतले. जहागीरदाराला ठरलेली रक्कम मिळे आणि परगण्याचा प्रत्यक्ष कारभार आमेरच्या हाती येई. युद्धाशिवाय झालेल्या या विस्तारामुळे नव्या राजधानीसाठी लागणारा आर्थिक पाया भक्कम झाला.

शहराच्या आखणीत बंगाली विद्वान विद्याधर भट्टाचार्य यांचा प्रमुख वाटा होता. ते मूळचे राज्याच्या हिशेब खात्यातील कर्मचारी होते. त्यांची बुद्धी आणि वास्तुशास्त्राचे ज्ञान ओळखून जयसिंहांनी त्यांच्यावर मोठी जबाबदारी सोपविली आणि पुढे त्यांना दिवाणपदापर्यंत बढती दिली. पद, प्रांत किंवा घराणे यांपेक्षा कामाची पात्रता पाहण्याची ही वृत्ती जयसिंहांच्या अनेक नेमणुकांत दिसते.

नवे शहर चौकड्यांत विभागले गेले. सूरजपोळपासून चांदपोळपर्यंत पूर्व-पश्चिम असा सरळ राजमार्ग आखण्यात आला, त्याला काटकोनात छेदणारे रस्ते काढण्यात आले आणि छेदस्थानी प्रशस्त चौपडी निर्माण झाल्या. या रस्त्यांच्या दुतर्फा एकसारख्या दर्शनी भागांच्या दुकानांची रांग उभी राहिली. भारतातील बहुतेक राजधान्या किल्ला आणि लष्करी तळ यांभोवती वाढल्या. जयपूरच्या रचनेत बाजारपेठेला आरंभापासून केंद्रस्थान देण्यात आले होते.

रस्ते आणि दुकाने बांधून व्यापार आपोआप येत नाही, याची जाण जयसिंहांना होती. त्यांनी दूरदूरच्या सावकारांना आणि व्यापाऱ्यांना निमंत्रणे पाठविली, त्यांना भूखंड दिले आणि करांत सवलती दिल्या. जवाहिरे, धातुकाम करणारे, दगड घडविणारे, कापड रंगविणारे अशा कारागिरांना व्यवसायानुसार स्वतंत्र वस्त्या मिळाल्या. दरबारी कारखान्यांच्या व्यवस्थेमुळे त्यांना कामाची हमी लाभली. विद्वानांसाठी ब्रह्मपुरी ही वसाहत विकसित झाली. जैन व्यापारी, वैष्णव आचार्य, मुस्लिम कारागीर असे नाना धर्मपंथांचे लोक एका तटबंदीच्या आत नांदू लागले. जयपूरचा जोहरी बाजार आज रत्नव्यवसायासाठी जगभर ओळखला जातो. त्याची मुळे स्थापनेच्या काळातील या धोरणात आहेत.

मराठी विद्वानांचा सन्मान

जयसिंहांच्या दरबारात महाराष्ट्रीय पंडितांना मानाचे स्थान होते. रत्नाकर भट्ट पौंडरीक हे त्यांचे गुरू. धर्मशास्त्रावरील ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा ग्रंथ त्यांनी रचला. जयपुरातील पुंडरीक हवेली या घराण्याची आठवण आजही जपून आहे. महाराष्ट्रीय घराण्यातील पंडित जगन्नाथ सम्राट यांची कामगिरी तर असाधारण म्हणावी लागेल. संस्कृत परंपरेत वाढलेल्या या विद्वानाने राजाच्या इच्छेखातर अरबी आणि फारसी या भाषा आत्मसात केल्या. युक्लिडच्या भूमितीचे ‘रेखागणित’ आणि टॉलेमीच्या खगोलग्रंथावर आधारित ‘सम्राटसिद्धान्त’ हे ग्रंथ त्यांनी अरबी पाठांवरून संस्कृतात आणले. बाहेरचे ज्ञान हवे असेल तर आपल्या माणसांना नवे शिक्षण दिले पाहिजे, हा विचार या कार्यामागे होता.

लिस्बनची मोहीम आणि तिची मर्यादा

पंचांगांतील ग्रहस्थितीचा आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी मेळ बसत नाही, ही जयसिंहांची तक्रार होती. ती दूर करण्यासाठी त्यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी येथे वेधशाळा उभारल्या. धातूची लहान यंत्रे झिजतात आणि हलतात, म्हणून दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे बांधण्यात आली. जयपूरचे सम्राटयंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. या वेधांवर आधारित ‘झिज-इ-मुहम्मदशाही’ हा ग्रंथ बादशहा मुहम्मदशहा याला अर्पण करण्यात आला.

युरोपात या विद्येची प्रगती झाल्याचे कळताच जयसिंहांनी पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरू मॅन्युएल द फिगेरेदो यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ गोव्यामार्गे पोर्तुगालला पाठविले. १७२९ मध्ये ते लिस्बनला पोहोचले आणि राजा जॉन पाचवा याच्या दरबारात दाखल झाले. परतताना त्यांनी युरोपीय ग्रंथ आणले आणि पेद्रो द सिल्वा हे जाणकारही सोबत आले. फ्रेंच खगोलज्ञ द ला हायर यांची कोष्टके जयसिंहांनी स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक त्यांना आढळला. पुढे चंद्रनगरहून फ्रेंच जेझुइट आणि युरोपातून जर्मन जेझुइटही जयपूरला आले.

हा प्रयत्न त्या काळाच्या मानाने धाडसी होता, तथापि त्याला एक मर्यादा पडली. नव्या खगोलशास्त्राची प्रमुख केंद्रे तेव्हा लंडन आणि पॅरिस येथे होती. जयसिंहांचा संपर्क मात्र गोव्यातील पोर्तुगीज आणि जेझुइट संघ यांच्यामार्फतच होता. ज्या दारातून ज्ञान मागविले, त्या दारातून जेवढे येऊ शकत होते तेवढेच आले. केप्लर आणि न्यूटन यांनी घडविलेले स्थित्यंतर जयपूरच्या कार्यात उमटले नाही. परदेशी भागीदाराची निवड किती निर्णायक ठरते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

मराठ्यांशी संघर्ष आणि सलोखा

माळव्याचे सुभेदार म्हणून जयसिंहांनी तीन वेळा काम पाहिले. १७३३ मध्ये मंदसौरजवळ होळकर आणि शिंदे यांनी त्यांची कोंडी केली व त्यांना खंडणी देऊन तह करावा लागला. मराठ्यांचे सामर्थ्य केवळ लष्करी बळाने रोखता येणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि पुढे समझोत्याचा पुरस्कार केला. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या तीर्थयात्रेला गेल्या असता जयपूरमध्ये त्यांचा आदरसत्कार झाला. १७३६ मध्ये किशनगडजवळ बाजीराव आणि जयसिंह यांची भेट झाली. १७४१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना माळव्याचा अधिकार मिळण्यातही जयसिंहांच्या मध्यस्थीचा वाटा होता.

वारसाचा न सुटलेला प्रश्न

२१ सप्टेंबर १७४३ रोजी जयसिंहांचे निधन झाले. परमुलखातील माणसे हेरून त्यांना योग्य जागी बसविणाऱ्या या राजाला स्वतःच्या गादीचा प्रश्न मात्र सोडविता आला नाही. थोरले पुत्र ईश्वरीसिंह गादीवर आले. मेवाडच्या राणीचे पुत्र माधोसिंह यांनी १७०८ च्या अटीच्या आधारे दावा मांडला. माधोसिंहांना रामपुऱ्याची जहागीर मिळवून देऊन वाद टाळण्याचा जयसिंहांचा प्रयत्न फोल ठरला. दोन्ही पक्षांनी मराठ्यांची मदत मागितली आणि खंडण्यांनी जयपूरचा खजिना रिता झाला. १७५० च्या डिसेंबरमध्ये मल्हारराव होळकरांचे सैन्य जवळ येताच ईश्वरीसिंहांनी आत्महत्या केली. पुढील महिन्यात जयपूर शहरात मराठ्यांची कत्तल झाली. सुमारे दीड दशकापूर्वी जोडलेला सलोखा रक्तात बुडाला.

राजघराण्यावर असे आघात होत असतानाही जयपूरची बाजारपेठ टिकून राहिली. कारागिरांच्या गल्ल्या, सावकारांच्या पेढ्या आणि चौपडींवरचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. जयपूरच्या जंतरमंतरला २०१० मध्ये आणि तटबंदीच्या आतील शहराला २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जयसिंहांनी १७०८ मध्ये मान्य केलेल्या अटीने त्यांच्या वंशात कलह पेरला, तर १७२७ मध्ये त्यांनी बोलावलेल्या व्यापारी आणि कारागिरांचा उद्योग जयपुरात आजही चालू आहे.