करामती आणि कसब : जिमी हेन्ड्रिक्स

गावच्या बेंजो पार्टीत मी अकरावीपासून बेंजो वाजवतो. वरातीत बेंजोकडे पाठ करून, हात मागे नेऊन वाजवले की पोरे शिट्ट्या मारतात आणि नोटा पडतात. बाबा मात्र दुसऱ्या दिवशी एवढेच सांगतात की अमुक ठिकाणी दोन सूर चुकले. बाबा चौथीपर्यंतच शाळेत गेले, पण तरुणपणी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत असत; सुराच्या बाबतीत त्यांच्याकडे माफी नाही. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून वसतिगृहातल्या एका मित्राने मोबाईलवर जिमी हेन्ड्रिक्स दातांनी गिटार वाजवताना दाखवला, तेव्हा मला वाटले, चला, आपल्या बाजूने एक जगप्रसिद्ध साक्षीदार मिळाला. पुढे त्याचे चरित्र वाचत गेलो आणि साक्षीदार फितूर झाला.

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतल्या सिॲटल शहरात, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आईवडील विभक्त झाले. १९५८ साली आई वारली. वडिलांबरोबर अडगळ उपसण्याच्या कामावर गेला असता या पोराला एकच तार उरलेले युकुलेले सापडले आणि त्या एका तारेवर तो ऐकलेली गाणी शोधू लागला. पहिली गिटार पाच डॉलरची. नंतर वडिलांनी विजेवर चालणारी गिटार घेऊन दिली. गुरू नाही, स्वरलिपी येत नाही, सगळे कानाने. पहिला कार्यक्रम ज्यू लोकांच्या एका प्रार्थनामंदिराच्या तळघरात झाला, आणि फार अंगविक्षेप करतो म्हणून मध्यंतरातच त्याला काढून टाकण्यात आले. म्हणजे बाबांच्या मताची माणसे तिकडेही होती!

१९६१ साली तो सैन्याच्या छत्रीधारी पथकात भरती झाला, पण शिस्तीशी जमले नाही आणि पुढच्याच वर्षी सुटून आला. त्यानंतरची तीन-चार वर्षे दक्षिणेतल्या लहानमोठ्या क्लबांत इतरांच्या मागे उभे राहून वाजवण्यात गेली. मला ही वर्षे सर्वांत महत्त्वाची वाटतात. टी-बोन वॉकरसारखे ब्लूज वादक १९४० च्या दशकापासूनच गिटार डोक्यामागे धरून वाजवत होते. दातांनी वाजवण्याची युक्तीही जिमीने तिथल्याच वादकांकडून उचलली. त्या श्रोत्यांपुढे नुसते चांगले वाजवून भागत नसे. करामत हा रोजगाराचा भाग होता. आपल्याकडे वरातीत चालते तसेच म्हणा ना! मात्र लिटल रिचर्डसारख्या मोठ्या गायकाच्या मागे असताना याच नखऱ्यांवरून त्याचे खटके उडाले, कारण लोकांचे लक्ष साथीदाराकडे जाऊ लागले.

१९६६ साली न्यूयॉर्कच्या एका कॅफेत ‘ॲनिमल्स’ या वाद्यवृंदातील चॅस चँडलरने त्याला ऐकले आणि सप्टेंबरात लंडनला नेले. आठवडाभरातच एका कार्यक्रमात एरिक क्लॅप्टनच्या मंचावर चढून जिमीने असे काही वाजवले की लंडनचा तो लाडका वादक हबकून गेला. लंडनच्या तरुणांना पाठीमागची आणि दातांची गिटार म्हणजे चमत्कार वाटला. मग मागणी वाढत गेली. ३१ मार्च १९६७ रोजी लंडनमध्ये त्याने प्रथम मंचावर गिटार पेटवली, तीत हातही भाजून घेतले. त्याच वर्षी १८ जूनला कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे आधी कोणी वाजवायचे हे नाणे उडवून ठरले. ‘द हू’ या मंडळीने आधी वाजवून वाद्ये फोडली. नंतर जिमीने गुडघे टेकून गिटारीवर इंधन शिंपडले आणि काडी लावली. चित्रपटात ते दृश्य अमर झाले. माझ्या मते तिथेच तो अडकला.

कारण त्या आगीच्या आधी त्याने काय वाजवले, हे कोण पाहतो? तो डावखुरा होता. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर गिटार उलटी धरून, तारा बदलून वाजवी. डावखुऱ्यांच्या गिटारी सहज मिळत नसत, हे त्याचे साधे कारण. अंगठा मानेवरून पलीकडे नेऊन खर्जाच्या तारा दाबायचा, म्हणजे उरलेली बोटे एकाच वेळी साथ आणि चाल दोन्ही वाजवायला मोकळी. ध्वनिवर्धकातला आवाज परत गिटारीत शिरून जी किंचाळी उठते, तिला इतर लोक बिघाड समजत. जिमी किती अंतरावर, कोणत्या कोनात उभे राहिले म्हणजे कोणता सूर धरून राहतो हे शोधून ती किंचाळी गाण्यात वापरी. तेव्हा त्याचे वाकणे आणि सरकणे सगळेच नाटक नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. गिटारीचा दांडा तो इतका दाबी की सूर उतरत. मग गाणे चालू असतानाच एका हाताने खुंटी पिळून तो सूर जुळवून घेई. ध्वनिमुद्रणात तर हट्टीच. ‘जिप्सी आइज’ हे एक गाणे त्याने चाळिसाहून अधिक वेळा मुद्रित केले. या छळाला कंटाळून चँडलरही १९६८ साली बाजूला झाला.

१८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉक येथे बहुतेक लोक घरी परतलेले असताना त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. सुरांच्या मधोमध बॉम्ब आणि विमाने ऐकू येतात, आणि तरी मूळ चाल हरवत नाही.

आता फिलमोर ईस्टची हकीकत. न्यूयॉर्कच्या या नाट्यगृहात १९६९ चा शेवटचा व १९७० चा पहिला दिवस मिळून त्याचे चार खेळ झाले. नाट्यगृहाचा मालक बिल ग्रॅहॅम पुढे सांगत असे की, एका खेळानंतर जिमीने मत विचारले तेव्हा त्याने तोंडावर सुनावले, की आज करामती सगळ्या झाल्या, वाजवायचे तेवढे राहिले. जिमी संतापला, पण पुढच्या खेळात जागचा हलला नाही आणि अप्रतिम वाजवले. शेवटी लोकांनी पुन्हा आग्रह केला तेव्हा मुद्दाम सगळ्या करामती करून दाखवल्या, ग्रॅहॅमला खिजवायला! याच खेळांतली ‘मशीन गन’ ही बारा मिनिटांहून मोठी रचना आजही ऐकायला मिळते.

पुढे फार दिवस उरले नव्हते. १८ सप्टेंबर १९७० रोजी झोपेच्या गोळ्या जास्त झाल्याने लंडनमध्ये त्याचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना ‘मशीन गन’चे चित्रण दाखवले. दातांनी वाजवणारा माणूस म्हणून आधी बरीच जाहिरात केली होती. बाबा मोबाईल हातात धरून शेवटपर्यंत गप्प बसले. मग त्यांनी विचारले, की हा दातांनी वाजवतो ते कधी? यात नाही, असे मी सांगितले. तेव्हा त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले.