नेस्मिथ गुरुजींचा तास

मुलांनो, शनिवारी सकाळची शाळा असली की प्रार्थनेनंतर आपली कवायत असते. हात वर, हात बाजूला, हात समोर, एक-दोन-तीन-चार. पहिली दहा मिनिटे सगळे हात एकदम वर जातात. मग मागच्या रांगेत चुळबूळ सुरू होते. कोणी पुढच्याची टोपी ओढतो, कोणी मुद्दाम उलटा हात करतो, आणि ओरडून ओरडून गुरुजींचा घसा बसतो. अशाच एका कंटाळलेल्या वर्गाची आणि त्या वर्गाच्या गुरुजींची ही हकीगत आहे. वर्ग होता अमेरिकेत, साल होते १८९१. गुरुजींचे नाव जेम्स नेस्मिथ. त्यांनी बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला, एवढे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत दिलेले असते. तो का शोधावा लागला, ते मात्र त्या ओळीत मावत नाही.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडा देशातील आँटेरिओ प्रांतात, आल्मंट या गावाजवळ झाला. तो नऊ वर्षांचा होत होता तेव्हा, १८७० साली, विषमज्वराच्या साथीने घरावर घाला घातला. थोड्याच आठवड्यांच्या अंतराने वडील गेले आणि आईही गेली. मग ही पोरकी भावंडे आजोळी वाढली. पीटर मामांच्या शेतावर घोडे हाकणे, लाकडे फोडणे, पडेल ते काम जेम्स करी. अभ्यासात त्याचे फार चित्त नव्हते. हायस्कूल मध्येच सोडून तो जंगलात लाकूडतोडीच्या कामावर गेला. चार-पाच वर्षे तिथे काढल्यावर त्याला शिक्षणाची किंमत कळली आणि विशीचा झालेला हा गडी पुन्हा लहान पोरांबरोबर शाळेत जाऊन बसला! लाज वाटली असेल, पण बसला.

त्या गावी पोरांचा एक आवडता खेळ होता. त्याचे नाव ‘खडकावरचे बदक’. एका मोठ्या धोंड्यावर लहान दगड ठेवायचा, तेच बदक. बाकीच्यांनी लांबून दगड मारून ते पाडायचे. आपला दगड उचलून परत येईपर्यंत राखणदाराने शिवले तर तो बाद. आपल्या लगोरीचाच कोणी लांबचा भाऊ म्हणा ना. यात एक गंमत होती. सरळ, जोरात मारलेला दगड चुकला तर लांब जाऊन पडे, आणि तो आणायला जाणारा हमखास सापडे. पण दगड हळूच वरून कमानीसारखा टाकला, तर चुकला तरी जवळच पडे. जोर कमी, नेम जास्त. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पुढे जेम्स माँट्रियल शहरातल्या मॅक्‌गिल विद्यापीठातून १८८७ साली पदवीधर झाले. मग तीन वर्षे धर्मशास्त्र शिकले. घरच्यांना वाटत होते, हा पाद्री होणार. पण शिकता शिकता ते व्यायामशाळेत शिकवू लागले आणि फुटबॉलही खेळत. धर्माचे शिक्षण घेणाऱ्याने असली धसमुसळी करावी हे पुष्कळांना पसंत नव्हते. जेम्सना मात्र उलटे वाटू लागले. चार चांगल्या सवयी पोरांना व्याख्यानापेक्षा मैदानावर लवकर लागतात, असे त्यांच्या मनाने घेतले. म्हणून १८९० साली ते अमेरिकेत स्प्रिंगफील्ड या गावी गेले. तिथे वाय.एम.सी.ए. या संस्थेची शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी शाळा होती. आपल्याकडे डी.एड.ला जसे पाठ घ्यायला शिकवत, तसे तिथे व्यायामाचे पाठ घ्यायला शिकवत.

तिकडचा हिवाळा म्हणजे बाहेर गुडघाभर बर्फ. आपल्याकडे पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की तास वऱ्हांड्यात होतो, तसे तिकडे हिवाळाभर सगळे काही छपराखाली. छपराखाली काय करायचे, तर कवायत. जर्मन पद्धतीची नाही तर स्वीडिश पद्धतीची, पण कवायतच. शाळेत अठराजणांचा एक वर्ग होता. हे लहान पोरे नव्हते, चांगले मिशा फुटलेले बाप्ये होते, आणि पुढे संस्थेचा कारभार पाहायचे शिक्षण घेत होते. त्यांना ही हात वर हात खाली काही केल्या रुचेना. दोन शिक्षकांनी तो वर्ग घेऊन पाहिला आणि दोघांनीही हात टेकले.

शिक्षकांच्या बैठकीत चर्चा निघाली. वर्ग वाह्यात आहे, असे सगळ्यांचे मत. नेस्मिथ गुरुजी तिथे बोलून गेले की दोष त्या माणसांचा नाही, आपण त्यांना जे करायला लावतो त्याचा आहे. झाले! खात्याचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथांच्याच गळ्यात घातला. छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ काढा, म्हणून चौदा दिवसांची मुदत दिली. बोलेल तो करेल, हा न्याय सगळीकडे सारखाच दिसतो.

गुरुजींनी आधी पळापळीचे छोटे खेळ घेतले. ते दहा-पंधरा मिनिटे चालले आणि मग जांभया. नंतर मैदानी फुटबॉल थोडा सौम्य करून आत आणला. पण लाकडी फरशीवर एकमेकांना पाडायचे म्हणजे हाडे मोडायची. पायाने खेळायचा फुटबॉल घेतला, तर पायांची बोटे ठेचली आणि खिडक्यांच्या काचांवर संकट आले. काठ्यांनी खेळायचा लॅक्रॉस घेतला, तर नवख्यांचे हात सडकून निघाले. तेरा दिवस असे गेले. मोठ्या तोंडाने बैठकीत बोललेला माणूस आता कोणत्या तोंडाने प्रमुखांपुढे जाणार? आपण हरलो, असे त्यांना वाटू लागले होते.

मग त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. एकेक खेळ उचलून आत आणायचे सोडून दिले. कागद घेऊन खेळांचे भाग पाडले, आणि प्रत्येक भागाला विचारले, तू इथे कशाला?

सांघिक खेळ म्हणजे चेंडू हवाच. चेंडू लहान असला की मारायला बॅट किंवा काठी लागते, आणि ती चालवायला शिकण्यात महिने जातात. तेव्हा चेंडू मोठा, हातात धरण्याजोगा. बरे, फुटबॉलमध्ये माणसे एकमेकांना पाडतात कशासाठी? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचे असते म्हणून. मग चेंडू घेऊन पळायचेच नाही असे ठरले तर? पाडायचे कारणच उरले नाही! राहिला गोल. उभा गोल असला की जो तो जीव खाऊन चेंडू हाणतो. इथे गुरुजींना ते खडकावरचे बदक आठवले. गोल आडवा केला, तर चेंडू वरून कमानीसारखाच टाकावा लागेल, जोराचा काही उपयोग नाही. आणि तो जमिनीवर असला तर राखणारे भोवती कोंडाळे करतील, म्हणून डोक्याच्या बराच वर. खेळाची सुरुवात दोघांच्या मध्ये चेंडू वर उडवून.

माझ्या मते नेस्मिथांचे मोठेपण या विचारात आहे. खेळ तर पुष्कळांनी काढले. पण पाठाचे टाचण कसे करावे, ते इथे पाहावे. तासाला काय अडचण आली, ती कशामुळे आली, ते कारण काढून टाकायला काय बदलावे, अशी ती ओळ आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपायाकडे दीड फुटी दोन खोकी मागितली. खोकी नव्हती. शिपायाने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. व्यायामशाळेच्या दोन्ही टोकांना वर सज्जा होता, त्याच्या कठड्याला गुरुजींनी त्या ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही जगभर बास्केटबॉलची कडी दहा फुटांवरच असते! तो कठडा नऊ फुटांवर असता तर? असो. तेरा नियम लिहिले, ते टंकलेखन करून घेतले आणि दोन कागद सूचनाफलकावर लावले. हा दिवस २१ डिसेंबर १८९१ असा सांगतात. अठराजणांचे नऊ-नऊचे दोन संघ झाले. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला, तो विल्यम चेस या विद्यार्थ्याने लांबून टाकलेला.

सगळे एका फटक्यात जमले असे मात्र समजू नका. १९३९ साली रेडिओवर बोलताना म्हाताऱ्या गुरुजींनी कबूल केले की पहिल्या खेपेला नुसती हाणामारी झाली. कोणाचे डोळे काळेनिळे झाले, एकाचा खांदा निखळला, एक तर बेशुद्धच पडला. पण तीच माणसे पुन्हा खेळू द्या म्हणून मागे लागली, तेव्हा त्यांनी आणखी नियम केले, आणि चेंडू घेऊन पळायचे नाही हा त्यांतला मुख्य. ही हकीगत आणि तेरा नियमांची हकीगत तंतोतंत जुळत नाहीत. मला दुसरी जास्त खरी वाटते, कारण नवा पाठ पहिल्या दिवशी असाच फसतो. खेळाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा फ्रँक महान या विद्यार्थ्याने गुरुजींचेच नाव द्यावे असे सुचवले. गुरुजी हसले. मग टोपली आहे, चेंडू आहे, म्हणून बास्केटबॉल.

टोपल्यांना तळ होते, त्यामुळे गोल झाला की कोणीतरी वर चढून चेंडू काढायचा. तळ उघडा ठेवावा हे सुचायलाही काही वर्षे गेली! स्प्रिंगफील्डला शिकून गेलेले शिक्षक हा खेळ देशोदेशी घेऊन गेले. त्यांच्यापैकीच हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे कॉलेज काढले आणि आपल्या देशातले कितीतरी क्रीडाशिक्षक तिथून तयार झाले.

गुरुजींनी पुढे डॉक्टरकीची पदवी घेतली आणि १८९८ पासून कॅन्सस विद्यापीठात शिकवले. तिथे बास्केटबॉलचा संघही सांभाळला. त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. खेळ काढणारा माणूस आणि हार जास्त! पण त्यांना त्याचे काही वाटत नसे. खेळावर पैसाही त्यांनी केला नाही. १९३३ साली जॉन मॅक्लेंडन हा काळा विद्यार्थी तिथे आला. त्या काळी विद्यापीठाच्या संघाची दारे काळ्या मुलांना बंद होती. गुरुजींनी त्याला शिकवले, मार्ग दाखवला. १९३६ साली शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन तो बाहेर पडला आणि पुढे फार नावाजलेला प्रशिक्षक झाला.

त्याच वर्षी बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा आला. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांच्या संघटनेने वर्गणी जमवून पंच्याहत्तरीला टेकलेल्या गुरुजींना तिकडे पाठवले. बर्फापासून वाचण्यासाठी छपराखाली काढलेला हा खेळ तिथे उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर झाला. अंतिम सामन्याला धो धो पाऊस, चिखलात चेंडू उसळेना. समोरासमोर कोण, तर अमेरिका आणि कॅनडा, गुरुजींची कर्मभूमी आणि जन्मभूमी. अमेरिका १९–८ अशी जिंकली.

२८ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅन्ससमधील लॉरेन्स गावी गुरुजी वारले.

राहिले ते फलकावरचे दोन कागद. महानने ते आठवण म्हणून काढून नेले होते, ते त्याने नंतर गुरुजींना परत आणून दिले. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव झाला आणि त्यांना ४३ लाख डॉलरांहून जास्त किंमत आली. आता ते लॉरेन्सला, गुरुजींच्याच विद्यापीठात, काचेआड ठेवले आहेत.