बहुमताची सीमा ओळखणारे रॉजर विल्यम्स

सभेत हात वर झाले, ठराव संमत झाला, की विषय संपला असे आपण धरून चालतो. पण प्रत्येक विषय मतास टाकण्याजोगा असतो काय? हा प्रश्न ज्यांना घरादाराची किंमत देऊन सोडवावा लागला, त्या रॉजर विल्यम्स ह्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विल्यम्स ह्यांचा जन्म सुमारे १६०३ साली लंडनमध्ये झाला. केंब्रिजला शिकून ते पाळक झाले व १६३१ साली पत्नीसह अमेरिकेत बॉस्टनला उतरले. ती मॅसॅच्युसेट्स वसाहत प्युरिटन लोकांची. इंग्लंडातील धर्मसक्तीला कंटाळून ही प्रार्थनाशील माणसे समुद्र ओलांडून आली होती. परंतु सत्ता हाती येताच त्यांनीही सक्तीच आरंभिली. मताचा अधिकार फक्त मंडळीच्या सभासदांना, आणि उपासनेतील चुकीस सरकारी शिक्षा!

विल्यम्स ह्यांनी उघड विरोध केला. दहा आज्ञांपैकी पहिल्या चार देव व मनुष्य ह्यांच्यामधील आहेत. त्या मोडणाऱ्यास दंड करणे हे सरकारचे काम नव्हे, असे ते शिकवीत. मूळ रहिवाशांची जमीन राजाच्या सनदेने आपली होत नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर १६३५ मध्ये वसाहतीच्या न्यायसभेने त्यांना हद्दपार केले. पकडून इंग्लंडला धाडण्याचा बेत कळताच, १६३६ च्या जानेवारीत, ऐन बर्फात, पत्नी व मुलींना मागे ठेवून ते सेलम गावाहून निघाले. वांपानोआग लोकांनी त्यांना आसरा दिला. पुढे नॅरगॅन्सेट सरदारांकडून जमीन मिळवून त्यांनी गाव वसविले. संकटात देवाने तरतूद केली, म्हणून त्याचे नाव प्रॉव्हिडन्स ठेविले.

तेथील आरंभीच्या करारात बहुमताचा निर्णय पाळण्याचे सर्वांनी कबूल केले, पण केवळ नागरी बाबींपुरते. कसोटी लवकरच आली. जोशुआ व्हेरिन नावाचा गृहस्थ पत्नीला विल्यम्स ह्यांच्या उपासनासभांस जाऊ देईना. तिला मारहाणही करी. १६३८ साली गावाने त्याचा मताधिकार काढून घेतला. बहुमत एका स्त्रीच्या विवेकबुद्धीच्या पाठीशी उभे राहिले. तो मात्र तिला घेऊन सेलमला परतला.

मोकळीक म्हणजे बेबंदपणा, असे काहींना वाटू लागले, तेव्हा १६५५ च्या सुमारास विल्यम्स ह्यांनी गावाला जहाजाचे उदाहरण लिहून पाठविले. जहाजावर नाना धर्मांचे उतारू असतात. कोणावरही प्रार्थनेची सक्ती नसावी, कोणाची प्रार्थना अडवूही नये. परंतु जहाज कोणत्या दिशेने न्यावे हे कप्तानच ठरवील, आणि बंड करणाऱ्यास शिक्षाही होईल.

क्वेकर पंथाची शिकवण त्यांना मुळीच मान्य नव्हती. बॉस्टनमध्ये १६५९ ते १६६१ ह्या काळात चार क्वेकरांना फाशी दिली गेली. विल्यम्स ह्यांच्या ऱ्होड आयलंड वसाहतीने मात्र क्वेकरांना हाकलण्यास नकार दिला. १६७२ साली सत्तरीकडे झुकलेले विल्यम्स त्यांच्याशी जाहीर वाद घालण्यास गेले. शस्त्र वापरले ते शब्दांचेच.

ते निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. १६७६ साली युद्धकैदी झालेल्या मूळ रहिवाशांना चाकरीस विकणाऱ्या समितीत ते होते. हा डाग झाकू नये.

१६६३ च्या राजसनदेत वसाहतीला धर्मस्वातंत्र्य मिळाले. १६८३ साली विल्यम्स वारले. त्यांच्या हद्दपारीचा हुकूम मॅसॅच्युसेट्सने रद्द केला तो १९३६ साली!

ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस आले, त्याचा उगम ह्याच मॅसॅच्युसेट्सातला. म्हणून हद्दपार करणारे आपल्याला परके नाहीत. त्यांची चूक आपल्याही हातून घडू शकते. संडे स्कूलच्या शिक्षकांनी दहा आज्ञा शिकविताना पहिल्या चार व उरलेल्या सहा ह्यांतील हा भेद मुलांना अवश्य समजावून द्यावा.