गोळेश्वरचे खाशाबा

होस्टेलवर रात्री दोन वाजेपर्यंत कुठल्याही विषयावर चर्चा होऊ शकते. ऑलिंपिक सुरू असलं की मग बघायलाच नको. परवा अशाच गप्पांत एकाने विचारलं, की आपल्या भारताला एकट्याच्या खेळात पहिलं पदक कुणी मिळवून दिलं? कुणी लिअँडर पेस म्हणालं, कुणी मल्लेश्वरी. मी कराडकडचा, त्यामुळे माझा आवाज चढलाच. अरे, आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, आणि तेही १९५२ साली! पण त्यापुढे काय सांगायचं, हे मलाच नीट ठाऊक नव्हतं. लाज वाटली. सुट्टीत घरी गेल्यावर सायकल काढली आणि गोळेश्वर गाठलं. जुन्या माणसांकडून ऐकलं, थोडं वाचलं, त्यातून हा लेख.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. पाच भावांत सगळ्यात धाकटे. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे लाल माती पायाला लहानपणीच लागली. शाळा कराडची टिळक हायस्कूल, पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. उंची बेताची, अंगकाठी लहान. पण चपळाई अशी, की समोरचा सावध व्हायच्या आत ढाक बसलेली असायची. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. ताकदीपेक्षा डोकं चालवणारा पैलवान, असं त्यांच्याबद्दल आजही बोललं जातं.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकला त्यांची निवड झाली. जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. आपल्याकडे कुस्ती मातीत, तिकडे गादीवर. पाय कसा रोवायचा इथपासून फरक. नियमही वेगळे, मातीत चितपट केल्याशिवाय निकाल नाही, तिथे गुण मोजायचे. म्हणजे सिलॅबस एक आणि पेपर भलताच! तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा नंबर काढला. परत आल्यावर लगेच पुढच्या चार वर्षांची तयारी सुरू.

१९५२ च्या हेलसिंकीसाठी मद्रासला निवड चाचणी झाली, तिथे ते एका गुणाने मागे पडले. आपला निकाल चुकीचा लागलाय असं वाटलं, तर आपण काय करतो? चार दिवस शिव्या घालतो आणि गप्प बसतो. खाशाबा गप्प बसले नाहीत. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली आणि त्यांनी ती जिंकली.

निवड झाली, पण पैसे? गावाने वर्गणी काढली. त्यातूनही भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले. हे ऐकल्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य!

हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीबरोबर लांबलेली कुस्ती थोडक्यात गेली. लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवबरोबर उभं राहावं लागलं. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांची बाजू मांडायला आपल्याकडचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. दमलेल्या अंगाने लढले आणि हरले. इशीला सुवर्ण, सोव्हिएत संघाला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं, म्हणजे तब्बल ४४ वर्षं!

कराड स्टेशनवरून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मला त्यानंतरची गोष्ट जास्त मोठी वाटते. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून आधी प्राचार्यांचं घर सोडवलं.

१९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले आणि असिस्टंट कमिशनर होऊन निवृत्त झाले. शेवटचे दिवस मात्र पेन्शनसाठी झगडण्यात गेले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, २००० सालचा. दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला नाव मिळालं २०१० मध्ये. २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं. त्याच्या आधी महाराष्ट्राच्या मातीतलं वैयक्तिक पदक एकच, खाशाबांचं. मधे ७२ वर्षं गेली.

आता थोडं माझं. गेल्या वर्षी माझे तीन विषय राहिले. वर्ष जाणार म्हटल्यावर बॅग भरली होती. घरी जाऊन शेती बघतो, असं ठरवलंच होतं. माझ्या फीसाठी वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलंय, हे माहीत असूनसुद्धा. गोळेश्वरहून परत येताना सायकलवर तेच डोक्यात घोळत होतं. एका गुणाने हुकलेला माणूस पुन्हा कुस्ती मागून घेतो, पदक मिळाल्यावर आधी दुसऱ्याचं घर सोडवतो, आणि आपण तीन विषयांत हात टेकले.

बॅग रिकामी केली. दोन विषय सुटलेत, एम-थ्री अजून बाकी आहे. ऑक्टोबरला पुन्हा बसतोय.

सुट्टीत कराडवरून जाणाऱ्यांनी एकदा गोळेश्वरला वाट वाकडी करून जाऊन या. आणि रात्रीच्या गप्पांत पुन्हा कुणी तो प्रश्न विचारला, तर उत्तर आता पूर्ण द्या.