नामदेवांची दीपमाळ

कार्तिकी एकादशी सरते आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवळांपुढील दीपमाळा उजळतात. याच पर्वात, १२७० साली कार्तिक शुद्ध एकादशीस, दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्यापोटी संत नामदेव जन्मले. कयाधूकाठचे नरसी ही त्यांची जन्मभूमी मानली जाते. औंढ्यास त्यांना विसोबा खेचरांचा गुरुबोध लाभला. तेथेच कीर्तनास मज्जाव होताच ते देवळामागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पुढे त्यांनी पंजाबात घुमानपर्यंत भक्तीचा दीप नेला. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. परंपरेनुसार १३५० साली ते पंढरीच्या महाद्वारी पायरीतळी समाधिस्थ झाले. दीपमाळेच्या तळचा दिवाही शिखरावरच्या दिव्याइतकाच तेवतो. पायरीचे स्थान पत्करून नामदेवांनी हेच आचरून दाखविले.