मामाची मुलगी की आत्याची? इरावती कर्वेंच्या नोंदी आणि मुलींमधला हिमोफिलिया

ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पंढरपूरला जाते. या पालखीबरोबर एकेकाळी इरावती कर्वेही चालल्या होत्या. ‘युगान्त’मुळे आपण त्यांना लेखिका म्हणून ओळखतो, पण त्यांचं रोजचं काम होतं माणसं मोजायचं आणि नाती नोंदवायचं.

जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या नदीवरून. शिक्षण पुण्यात, मग बर्लिनमध्ये. तिथे त्यांचे मार्गदर्शक कवट्यांवरून युरोपीय वंशाचं श्रेष्ठत्व शोधत होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा वंशभेद दिसत नाही, हे प्रबंधात लिहून टाकलं. (धाडसच म्हणायचं!)

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. गावोगाव फिरून, भारतात कोण कोणाशी लग्न करतं हे त्यांनी १९५३ च्या ग्रंथात मांडलं. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची नाही, ही त्यातलीच नोंद.

त्या हिमोफिलियाच्या अभ्यासक नव्हत्या. पण हा फरक इथे फार कामाचा आहे.

हिमोफिलियात रक्त नीट गोठत नाही. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एकच एक्स मिळतो, तोही आईकडून. मुलीला दोन, त्यामुळे एक सदोष असला तरी दुसरा बहुतेक वेळा सांभाळून घेतो.

आता समजा, मामा आणि भाचा दोघांनाही हिमोफिलिया आहे. मामाची प्रत्येक मुलगी वाहक असणारच. भाच्याने तिच्याशी लग्न केलं, तर त्यांच्या प्रत्येक मुलीला आजार होण्याची शक्यता ५० टक्के. मामा निरोगी असेल, तर हा सदोष एक्स त्याच्याकडून मुलीकडे जातच नाही. आणि आत्याची मुलगी? भाच्याचा सदोष एक्स आईकडून आलेला, त्यामुळे आत्याच्या नात्याने या आजाराचा धोका वाढत नाही.

म्हणून ‘नात्यात लग्न झालंय का’ एवढंच विचारून भागत नाही. कोणत्या नात्यात, हेही विचारावं लागतं.

इरावतीबाई १९७० मध्ये गेल्या. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं आजही होतात.

अर्थात, नात्याबाहेरच्या लग्नातही मुलीला त्रास होऊ शकतो. काहींच्या बहुतेक पेशींत नेमका चांगला एक्सच बंद पडतो, तर टर्नर सिंड्रोममध्ये बऱ्याचदा एक्स एकच असतो. अशा काही मुलींची पाळी दहा-दहा दिवस थांबत नाही आणि घरचे म्हणतात, अंगात उष्णता आहे.