श्वासाचे मोजमाप घेणारा योगी

खारघर-बेलपाड्यावरून पनवेल मागे टाकून बोरघाट चढला की लोणावळा येते. याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. योगाला प्रयोगशाळेत आणून त्याची सत्यता तपासणारा हा पहिल्या पिढीतील संशोधक.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. १९०३ मध्ये मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी शरीर कमावले, अमळनेरला अध्यापन केले आणि १९१९ च्या सुमारास नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याकडून योगदीक्षा घेतली.

मात्र गुरुमुखातून मिळालेले ज्ञानही मोजून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणांच्या साह्याने यौगिक क्रियांचा अभ्यास केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी मोजमापाने दाखवले आणि त्या निर्वातास गुरूंचे नाव दिले. 'योगमीमांसा' या त्रैमासिकातून १९२४ पासून हे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले.

त्यांच्या सचोटीची खरी कसोटी लागली ती प्राणायामाच्या बाबतीत. प्राणायामाने रक्तात प्राणवायूचा मोठा साठा होतो, असा समज तेव्हाही रूढ होता. वस्तुतः उजव्या हृदयातून फुप्फुसात आलेले रक्त वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांत कर्बद्विप्राणिल वायू सोडते, प्राणवायू घेते आणि डाव्या हृदयातून शरीरभर जाते. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासानेही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. श्वास रोखल्यावर होणारी तगमग मुख्यतः साठलेल्या कर्बद्विप्राणिल वायूमुळे असते. म्हणूनच प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायूत नसून छाती व पोटातील दाबांच्या बदलात आणि मज्जासंस्थेवरील परिणामात आहे, असे मत कुवलयानंदांनी मांडले. योगाची महती वाढवणारा सोयीचा समज योग्यानेच नाकारावा, हे विलक्षण होते.

या मोकळेपणामुळेच परदेशी अभ्यासकही लोणावळ्याला आले. येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन यांनी तिथे योगाचे शिक्षण घेतले. उज्जायी करताना शरीराचा प्राणवायूचा वापर सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो, अशी नोंद त्यांनी १९३७ च्या ग्रंथात केली. ती कुवलयानंदांच्या मताला छेद देणारी होती. पण वाद श्रद्धेवरून मोजमापावर आला, हे त्यांचेच यश होय.

रुग्णसेवेतही त्यांचे योगदान मोठे होते. १९२७ मध्ये रक्तदाबाचा त्रास झाल्यावर महात्मा गांधींनी त्यांचा सल्ला घेतला. आसने व प्राणायाम यांवरील त्यांच्या ग्रंथांनी योगाला शिस्तबद्ध शिक्षणक्रमाचे रूप दिले. मुंबईत १९३६ साली त्यांनी योगोपचार केंद्र सुरू केले आणि १९५१ मध्ये लोणावळ्यात योग महाविद्यालय काढले.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. योगाच्या नावाने अचाट दावे होत असताना, आधी मोजा आणि मगच बोला, ही त्यांची शिस्त अधिकच मोलाची ठरते.